बुधवारची अंघोळ

माझी मुलगी जन्मली तेव्हा मला आधी तिचे पाय दाखवलेच नाहीत. नर्सने दुपट्यात गच्च गुंडाळून आणली, तोंड दाखवलं, वजन सांगितलं आणि म्हणाली, "डॉक्टर बोलतील तुमच्याशी." मला वाटलं मुलगी झाली म्हणून समजूत घालणार असतील. मी म्हटलं, मला मुलगीच हवी होती, त्यात बोलायचं काय. ती दार लोटून गेली. मग मीच दुपट्याची गाठ सोडली.

उजवा पाय नीट. डावा आत वळलेला. कसा ते सांगते. तळपायात काटा रुतला की आपण जमिनीवर बसून पाऊल उलटं करून बघतो ना, तसा. तळवा वर आलेला, बोटं दुसऱ्या पायाकडे तोंड करून. मी दोन बोटांनी हळूच सरळ करून पाहिला तर थोडा आला. सोडला की परत आपल्या जागी.

ऐंशी सालातली ही गोष्ट. आम्ही भांडुपला डोंगराच्या अंगाला एका चाळीत राहायचो, वरच्या मजल्यावर, एक खोली आणि कोपऱ्यात मोरी. माझे यजमान मुलुंडच्या एका कारखान्यात पॅकिंगला होते. माझी आई मी लहान असतानाच गेलेली, त्यामुळे पहिलं बाळंतपण असूनही ते सासरीच झालं, आणि त्यासाठी सासूबाई कोकणातून दोन महिने आधीच येऊन राहिल्या होत्या. त्या हॉस्पिटलात आल्या, दुपटं उघडून पाय बघितला, परत नीट झाकला आणि म्हणाल्या, "नाक बापाशीचा आसा." बस, एवढंच. त्या दिवशी पायाबद्दल त्यांच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. त्याचं मला फार बरं वाटलं, अजून आठवतं.

बाकीच्यांच्या तोंडाला कोण हात लावणार. त्याच वर्षी मोठं सूर्यग्रहण झालं होतं. सगळी मुंबई दारं-खिडक्या लावून घरात बसली होती आणि मी तेव्हा तीन महिन्यांची. गरोदर बाईने ग्रहणात चिरायचं नाही, शिवायचं नाही, पाय दुमडायचा नाही, सरळ उताणं पडून राहायचं, असं आमच्याकडे. चाळीतल्या बायका बाळ बघायला यायच्या, पायावरचं फडकं वर करायच्या आणि मला विचारायच्या, "ग्रहणात नीट पडली होतीस ना गं?" मी हो म्हणायचे. पण खरं सांगायचं तर मी तासभर सरळ पडले, मग पाठ भरून आली म्हणून कुशीवर वळले आणि डावा पाय पोटाशी घेऊन झोपून गेले. डावाच. हे फक्त मला माहीत होतं, आणि मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

आता पुढे काय करायचं, यावर घरात प्रत्येकाचं वेगळं. यजमानांच्या सुपरवायझरने घाटकोपरचा एक खाजगी डॉक्टर सांगितला. त्याच्याकडे नेलं तर तो म्हणाला, चार महिन्यांची होऊ दे, ऑपरेशन करून टाकू, कटकट नको. सासूबाईंच्या भावाचं गावाहून पत्र आलं की पलीकडच्या वाडीत एक हाडवैद्य आहे, पाल्याचा लेप लावून बांबूच्या कामट्या बांधतो, पोरीला घेऊन दोन महिने इकडे या. आणि ज्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात आम्हाला पाठवलं तिथले डॉक्टर म्हणाले, आधी प्लास्टर. दर आठवड्याला पाय थोडा थोडा वळवायचा आणि प्लास्टरने तसाच धरून ठेवायचा, पुढच्या आठवड्यात आणखी थोडा. पुष्कळ मुलांचे पाय असे येतात, काहींचे येत नाहीत. नाही आला तर ऑपरेशन. ते कसं असतं म्हणून मी विचारलं. त्यांनी स्वतःच्या पावलाच्या आतल्या बाजूने बोट फिरवून दाखवलं, घोट्यापासून अंगठ्याच्या मुळापर्यंत. "इथून उघडायचं," म्हणाले.

घरी आल्यावर हे म्हणाले, "तू सांग काय करायचं. दिवसभर तुझ्याकडेच असणार ती."

माझ्या डोळ्यासमोर ते बोट फिरत होतं. एवढुसं पाऊल, माझ्या करंगळीएवढं लांब, त्यात कुठून कुठे कापणार? मी म्हटलं, "कापायचं नाही. प्लास्टरने आणायचा."

"नाही आला तर?"

"आणायचा," मी म्हटलं. सातवी शिकलेली बाई मी, मला काय कळत होतं. पण बोलले ठामपणे, आणि त्यांनी ऐकलं.

बारा दिवसांची होती तेव्हा पहिलं प्लास्टर. दर गुरुवारी सकाळी आम्ही सासू-सुना आग्रा रोडवरून बस पकडून जायचो. प्लास्टरच्या खोलीत एक काका होते, केस पांढरे आणि हातही पांढरे, कोपरापर्यंत. डॉक्टर पाय वळवून धरायचे आणि काका बादलीत बुडवलेली पट्टी गुंडाळायचे, बोटांपासून थेट मांडीपर्यंत, गुडघा वाकवून. "हिला पाजत बस ताई, म्हणजे गप राहील," म्हणायचे. तर मी स्टुलावर बसून पदराखाली पाजते आहे, एकाने पाय धरलाय, दुसरा गुंडाळतोय, आणि पोरगी अर्धी झोपेत. प्लास्टर सुकताना आधी गरम लागतं. मी हात लावून बघायचे. चपातीएवढं गरम.

मग पाच बोटं तेवढी बाहेर. ती निळी दिसली तर रात्र असो दिवस असो, घेऊन या, असं बजावलेलं. मी दिवसातून पन्नास वेळा बोटं बघायचे.

प्लास्टर काढायचं मात्र घरी. गुरुवारी सकाळी निघायच्या आधी कोमट पाण्यात पाय भिजवायचा आणि पट्टीचं टोक शोधून उलगडत जायचं. काकांनी टोकाशी मुद्दाम एक गाठोडी करून ठेवलेली असायची, आयांना सापडावी म्हणून. गुरुवारी सकाळीच, हे डॉक्टरांनी सांगितलेलं, काकांनी सांगितलेलं. मला तोंडपाठ होतं.

पण आमच्याकडे बाळाची अंघोळ म्हणजे काय असतं ते डॉक्टरांना कुठे माहीत. सासूबाई मोरीत पाटावर पाय पसरून बसायच्या, बाळ पायांवर आडवं. शेजारच्या चाळीतली एक मालीशवाली बाई यायची, आमच्याच बाजूची, भांडुपमधली निम्मी पोरं तिच्या हातांखालून गेलेली. ती तेल चोळायची, छाती, पाठ, हात, मग गुडघे नाकाला लावायचे, हात पाठीमागे न्यायचे. मग कढत पाणी, मग शेगडीवर ओवा आणि वेखंड टाकून धुरी. बाळ लालबुंद होऊन चार तास झोपायचं. आणि आमच्या घरातलं हे पोर तिसऱ्या आठवड्यापासून ओल्या फडक्याने पुसून घेतलं जात होतं. गळ्याच्या वळीत लाल झालं होतं, प्लास्टरला आंबूस वास येत होता.

तिसऱ्या प्लास्टरच्या बुधवारी दुपारी सासूबाई म्हणाल्या, "पोर पारोसा ठेवूक माका जमाचा नाय. पलस्तर एक दिस आदी सोडला तर काय आभाळ कोसळतला?"

मी म्हटलं, "गुरुवारीच सांगितलंय त्यांनी."

"फाल्या गुरुवारच आसा मगे."

आम्ही टोपात पाय भिजवला आणि मी पट्टी उलगडली. मालीशवालीला हाक गेली. ती तर खूशच झाली. म्हणाली, त्यांचं प्लास्टर सहा दिवस, माझा हात एक दिवस, बघ कसा धावत येतो पाय. पोरीला शेवटी नीट अंघोळ मिळाली. तिने त्या दिवशी अशा जांभया दिल्या की आम्ही तिघी हसत सुटलो.

आता सगळं सासूबाईंवर टाकून मी मोकळी होऊ शकते, पुष्कळ वर्षं मनातल्या मनात झालेही. पण तसं नव्हतं. अंघोळ झाल्यावर बाळ माझ्या मांडीवर यायचं आणि तो उघडा पाय मी मुठीत घ्यायचे. गरम, तेलाने गुळगुळीत, टाच सुपारीएवढी. बाकी आठवडाभर माझ्या हाताला काय लागायचं तर चुन्याचा दगड. दुसऱ्या बायका बाळाच्या तळव्यांचे मुके घेतात, गुदगुल्या करतात. मला तो पाय आठवड्यातून एकदा मिळायचा. गुरुवारी सकाळी भिजवला की लगेच बस. बुधवार म्हणजे अख्खा दिवस माझा.

म्हणून पुढच्या बुधवारी मीच सकाळी टोप मांडला. त्याच्या पुढच्या आठवड्यात मंगळवारी संध्याकाळी, कारण भिजायला वेळ लागतो, बुधवारी सकाळी मालीशवाली आली की तयार असलेलं बरं. असा बुधवार मंगळवारपर्यंत सरकत गेला.

आणि मला दिसत होतं. हेच मला लिहायचं आहे. प्लास्टर निघालं की पाय बराच सरळ असायचा, मी खूश व्हायचे. बुधवारी दुपारपर्यंत बोटं जरा आत बघायला लागायची. संध्याकाळी आणखी. मी हाताने धरून ठेवायचे, आणि मनाला सांगायचे, उद्या प्लास्टर आहेच.

नऊ प्लास्टरं झाली. डॉक्टर दर वेळी प्लास्टरआधी केसपेपरच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने पायाचं चित्र काढायचे, पाऊल कितपत वळलंय त्याचं. दहाव्या गुरुवारी त्यांनी सगळी चित्रं एकाखाली एक बोट ठेवून बघितली. "हे तिसऱ्याचं," मला म्हणाले, "आणि हे आजचं. काय फरक दिसतो तुम्हाला?"

मला काही दिसला नाही.

"मलाही नाही. पहिल्या दोन वेळेला आला होता चांगला. मग थांबला. काही पाय हट्टी असतात, बाई. आणखी थांबण्यात अर्थ नाही. ऑपरेशनची तारीख घेऊन टाकू." आणि पेपरवर लिहायला लागले. आज साधं एक प्लास्टर घाला, असं काकांना सांगून ते पुढच्या मुलाकडे गेले.

मी आतल्या खोलीत स्टुलावर बसले. पाजायलाही सुचेना. काकांनी पाय हातात घेतला, अंगठा पोटरीवरून फिरवला, मग बोटांच्या बेचक्यांतून. मग माझ्याकडे बघितलं.

"प्लास्टर कधी काढलं?"

"सकाळी."

"आज सकाळी?"

"हो."

"ताई, मी वीस वर्षं हेच करतोय," काका म्हणाले. आवाज चढवला नाही, उलट खाली आणला. "आज सकाळी काढलेल्या पायाला कोंडा असतो, बेचक्यांत चुना असतो, वास मारतो. ही कातडी बघ. चकाचक आहे. खोबरेलचा वास येतोय. खरं सांग."

मी दुपटं पायावर ओढायला गेले.

"मला नको सांगूस. मी काय, पट्टी गुंडाळणारा माणूस. पण त्यांनी आता तारीख लिहिली ना, ती ह्या पायाची नाही लिहिली. तुझ्या तेलाची लिहिली."

बाहेर बाकावर सासूबाई पिशवी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांना तारखेचं काही माहीत नव्हतं. मी बाळाला छातीशी धरलं आणि डॉक्टरांच्या टेबलापाशी गेले. ते दुसऱ्या मुलाचा पाय बघत होते. माझ्याने थांबवेना. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की प्लास्टर आम्ही मंगळवारी काढतो, बुधवारी तेल-अंघोळ घालतो, सात आठवडे. आणि एकदा तोंड उघडलं ते बंद होईना, तर ग्रहणाचंही सांगितलं. डावा पाय पोटाशी घेऊन झोपले होते म्हणून. त्या दुसऱ्या मुलाची आई माझ्याकडे बघत राहिली.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला. त्यांना राग आला होता, कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पण बोलले सावकाश. "ग्रहणावर माझ्याकडे औषध नाही, बाई. बुधवारवर आहे." त्यांनी लिहिलेल्या तारखेवर काट मारली. "सहा आठवडे. प्लास्टर इथेच निघेल, काकांच्या हाताने, माझ्यासमोर. घरी भिजवायचं नाही. सहा आठवड्यांनी चित्र हललं नाही तर मग काही बोलायचं नाही."

"नाही बोलणार," मी म्हटलं.

प्लास्टर घालून परतताना बसमध्ये मी सासूबाईंना सांगितलं. अहो आई, आपण बुधवारी सोडतो त्यामुळे पाय परत फिरतोय, तारीख दिली होती ऑपरेशनची, आता सहा आठवडे दिलेत. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. घाटकोपर गेलं, विक्रोळी गेली. मला वाटलं चिडल्या. कांजूरच्या आसपास म्हणाल्या, "मीच सांगलंय तुका, सोड म्हणान."

"मलाही हवं होतं, आई."

"माका दिसा होता," त्या म्हणाल्या. "तू तो पाय हातात घेऊन बसायचंस. म्हणान मी काय बोलाक नाय."

मग बाळाला त्यांनी माझ्याकडून घेतलं आणि उतरेपर्यंत दिलं नाही.

संध्याकाळी हे कामावरून आले तेव्हा मी त्यांनाही सांगितलं. हे जेवून हात धुऊन आले. मग म्हणाले, "घाटकोपरवाल्याकडे जायचं का परत?" मी नाही म्हटलं. सहा आठवडे द्या म्हटलं. "तू दिलेस ना, मग दिले," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मालीशवाली नेहमीसारखी तेलाची वाटी घेऊन दारात. सासूबाई उंबऱ्यातच उभ्या. "चेडवाक आता नको. फाल्यापासून येव नको."

"कित्याक? पलस्तरान पाय सरळ होतत तर देवान हात कित्याक दिल्यान माणसाक?"

"तुझे हात बरे आसत," सासूबाई म्हणाल्या. "ये, माझे गुडघे चोळ."

आणि खरंच चोळून घेतले. बाई तोंड वाकडं करून बसली, पण चोळले चांगले. पुढे ती रोज सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी यायला लागली, आणि जाताना बाळाच्या फक्त टाळूवर एक बोट तेल टेकवायची. तेवढी मुभा होती.

ते सहा आठवडे कसे गेले सांगू. सासूबाईंनी पुसायचंच शास्त्र करून टाकलं. पातळ जुन्या लुगड्याचे तुकडे, एक कोमट पाण्यात, एक कोरडा. एक हात पुसायचा, झाकायचा, मग दुसरा. उजव्या पायाला पूर्ण मालीश, डाव्याच्या प्लास्टरभोवती आधी फडकं बांधून घ्यायचं, थेंब जाता कामा नये. मी शेजारी बसायचे आणि माझे हात शिवशिवायचे. मंगळवार आला की दुपारी मला काही सुचायचं नाही. एका मंगळवारी मी मोरीत जाऊन तो टोप उचलला, घासला आणि वरच्या फळीवर पालथा घालून आले.

त्यात दिवाळी आली. पहिली दिवाळी बाळाची. आमच्याकडे नरकचतुर्दशीला पहाटे तेल-उटणं लावून अंघोळ, आणि मग तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं. ते कडू छोटं फळ असतं, दिवाळीत बाजारात ढिगाने येतं. घरात जन्मलेल्या पोराची पहिली अंघोळ चुकली असं सासूबाईंच्या आयुष्यात झालं नव्हतं. आदल्या दिवशी त्यांनी उटणं दोनदा चाळलं. मी ठरवून ठेवलं होतं, त्यांनी विचारलं तर नाही म्हणायचं, रडू आलं तरी. त्यांनी विचारलंच नाही.

पहाटे हे अंघोळ करून आले, मी केली, त्यांनी केली. मग त्यांनी बाळाला पाटावर मांडीत घेतलं, कपाळाला उटणं लावलं, उजव्या तळव्याला लावलं. डाव्याची बोटं प्लास्टरातून बाहेर डोकावत होती, अंगठा वाटाण्याएवढा. त्या अंगठ्याला त्यांनी कारीट नुसतं टेकवलं. मग गॅलरीतल्या तुळशीपाशी ते खाली ठेवून स्वतःच्या अंगठ्याने फोडलं, फट्‌कन, बिया भिंतीवर उडाल्या. "औंदा तुझा मी फोडलंय," बाळाला म्हणाल्या. "फुडच्या वर्सा तुझा तूच फोड, मी म्हातारी झालंय."

हे शेजारी उभे होते, ते आत निघून गेले. पावडर शोधायला गेलो होतो म्हणाले नंतर. आमच्याकडे पावडर कायम खिडकीतच असायची.

सहावा गुरुवार. काकांनी कात्रीने आणि पाण्याने प्लास्टर काढलं, डॉक्टरांनी पेन्सिल घेतली. मी चित्राकडे बघत नव्हते, काकांच्या तोंडाकडे बघत होते. काका भिंतीकडे बघत हसत होते.

पाऊल फिरलं होतं. बोटं समोर. तळवा खाली. आधीच्या सात आठवड्यांत जे झालं नव्हतं ते ह्या सहा आठवड्यांत झालं होतं. आतल्या बाजूने उघडायची गरज नाही, डॉक्टर म्हणाले. पण टाच अजून वर होती. त्यांनी अंगठ्याने दाबून दाखवली, खाली येईना. पाठीमागची शीर आखूड आहे, तिला मागून एक छोटा छेद द्यावा लागेल. त्यांनी बोटाच्या दोन पेरांएवढं अंतर दाखवलं.

मी विचारलं, "माझ्या बुधवारांमुळे?"

"सांगता येत नाही," ते म्हणाले. "टाच पुष्कळदा शेवटपर्यंत अशी राहते, सगळं नीट केलं तरी. कधी येतेही. तुमचे सात आठवडे वाया गेले, एवढं खरं. त्यापुढचं मला माहीत नाही आणि मी तुम्हाला खोटं सांगणार नाही."

ते गोड काही बोलले असते तर मी घरी जाऊन रडले असते. ते तसं बोलले म्हणून मी संमतीचा कागद मागितला. कापायचं नाही म्हणणारी मीच. यजमान दुसऱ्या दिवशी रजा टाकून आले, त्यांनी सही केली आणि खाली माझीही करायला लावली. डॉक्टर म्हणाले, एक पुरे. हे म्हणाले, राहू दे दोन.

छेद झाला, परत सहा आठवडे प्लास्टर झालं. मग बूट आले, दोन्ही बुटांना जोडणारी लोखंडी पट्टी असलेले, ते तीन वर्षांची होईपर्यंत झोपताना घालायचे. ती त्यांच्यासकट कूस बदलायला शिकली, आणि पट्टी पाळण्याच्या कठड्यावर आपटून आम्हाला उठवायला. पंधराव्या महिन्यात गॅलरीत चालली.

डावं पाऊल आजही लहान आहे, दोन नंबरांनी. शाळेच्या बुटांचे दोन जोड घ्यायचे आणि दोन बूट पडून राहायचे. पोटरीही बारीक. पण ते सगळं ती विचारायची नाही, तिला ते तसंच माहीत. ती नऊ वर्षांची असताना एका रविवारी मी तिची नखं कापत होते. पाय माझ्या मांडीवर. सासूबाई खाटेवर पडलेल्या. तिने टाच वळवून मागची रेघ बघितली आणि म्हणाली, "हे कशाचं आहे ग, आई?"

मी नेलकटर खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं. प्लास्टर, गुरुवार, मग बुधवार. काही गाळलं नाही. सांगताना माझं लक्ष सासूबाईंकडे होतं, त्या डोळे मिटून होत्या पण झोपल्या नव्हत्या.

"मग ही रेघ तुझ्यामुळे?" तिने विचारलं.

"असेल. नसेलही. डॉक्टरांनाही सांगता आलं नाही."

"आणि माझ्यामुळे," खाटेवरून आवाज आला.

पोरीने त्या रेघेवरून अंगठा फिरवला. मी नऊ वर्षं ह्या क्षणाला घाबरत होते. ती म्हणाली, "आणि नंतर मी किती आठवडे अंघोळच केली नाही?"

"सहा. मग ऑपरेशननंतर आणखी सहा."

"बारा आठवडे? आजी, मी बारा आठवडे पारोशी होते?"

"माका काय सांगतंस? मीच पुसून काढलंय तुका."

"आणि मला कोणी ओरडलं पण नाही. आता एक दिवस नाही केली तर केवढी ओरडतेस, आई." तिला एवढं हसू आलं की पाय माझ्या हातातून निसटला. "मी खाली जाऊन सांगते सगळ्यांना."

"बस गं, अजून चार बोटं राहिलीत," मी म्हटलं.

पण ती गेली, चपलाही न घालता. आमचा जिना लाकडी होता, सगळं ऐकू यायचं. मी नेलकटर हातात घेऊन बसले आणि ऐकत राहिले. उजवं पाऊल धाडकन पडत होतं, डावं जरा हळू. दोन्ही टाचा टेकत होत्या.